लाईट नसतानाची थंडी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांत फ्रीज आधी आला आणि भरवशाची वीज फार नंतर. मधली वर्षं बायकांनी, दूध संस्थेच्या सचिवांनी, मासळीवाल्यांनी आणि आरोग्य केंद्रातल्या माणसांनी कशी काढली, हे लिहून ठेवलं पाहिजे असं मला फार दिवस वाटत होतं. धरणांचा इतिहास लिहिला गेला, साखर कारखान्यांचा लिहिला गेला. दूध नासू न देण्याचा इतिहास मात्र घराघरांतच राहिला आणि आता तो सांगणारी माणसं थकली आहेत.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते. सासर घोड नदीकाठचं, शिरूर तालुक्यातलं, दुभत्याचं घर. नोकरी आरोग्य खात्यात, आधी सेविका आणि मग सहाय्यिका, ती दोन्ही तालुक्यांत झाली. म्हणजे बर्फ पाहिला माहेरी, दूध पाहिलं सासरी आणि लस सांभाळली नोकरीत. या तिन्हींतून मला एकच गोष्ट कळली. थंडी तयार करणं हे एक काम आणि ती टिकवून धरणं हे दुसरं. पहिलं काम विजेचं. दुसरं विजेशिवाय होतं, आणि आमच्या भागात ते पिढ्यान्पिढ्या होत आलं होतं.

हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. अशा हवेत सांजेला काढलेलं दूध सकाळपर्यंत राखायचं, तर माझ्या आजेसासूबाईंच्या काळी एकच खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे विस्तव. गोवऱ्यांच्या मंद आरावर दुधाचं मडकं दिवसभर राही. वर तांबूस, जाड साय धरे. ते दूध कधी थंड होऊच देत नसत. पुढे प्रशिक्षणात मला शिकवलं गेलं की साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. अन्न याच्या खाली ठेवावं नाहीतर वर ठेवावं. आजेसासूबाईंनी वरची बाजू धरली होती, कारण खालची त्यांच्या हाती नव्हती. उरलेल्या दुधाला विरजण, लोण्याचं तूप, जास्त झालं तर भट्टीवर खवा. उसाचा रस तर तासाभरात आंबतो. त्याचा गूळ करून वर्षभर ठेवण्याची विद्या यवत-केडगावच्या गुऱ्हाळांत आजही जिवंत आहे. टिकाऊ करायचं म्हणजे पाणी आटवायचं, आंबवायचं, वाळवायचं किंवा खारवायचं. गार करणं हा उपाय त्या यादीत नव्हता. रांजणाला ओलं फडकं गुंडाळून पाणी गार होई, दूध टिकण्याइतकी थंडी त्यातून मिळत नसे.

बर्फ या देशात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला तो समुद्रमार्गे. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने 1833 साली 180 टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, आणि तरीही सुमारे 100 टन बर्फ शाबूत उतरला. पुढच्याच वर्षी मुंबईलाही आला. त्या जहाजात थंडी करणारं कसलंही यंत्र नव्हतं. होता तो लाकडाचा भुसा आणि घट्ट रचलेल्या लाद्या. मोठा ढीग, मधे हवा नाही, बाहेरून भुशाचं पांघरूण. एवढ्यावर निम्म्याहून अधिक बर्फ टिकला. 1880 च्या दशकात देशातच यंत्राने बर्फ होऊ लागला आणि अमेरिकेतून आणण्याचा धंदा बसला, पण भुसा तसाच राहिला. माझ्या लहानपणी दौंडात बर्फाची लादी येई ती भुसा आणि गोणपाट यांतच गुंडाळलेली.

दौंडला बर्फाची ओळख शिरूरच्या आधी झाली, आणि त्याचं कारण रेल्वे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग 1860 पर्यंत झाला होता. 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनलं. गाड्या थांबू लागल्या, इंजिनं बदलू लागली, साहेब लोक उतरू लागले. त्या काळी उन्हाळ्यात पहिल्या वर्गाच्या डब्यात टबामध्ये बर्फाची लादी ठेवण्याची रीत होती. वडील जुन्या फायरमनांकडून ऐकलेल्या तिच्या गोष्टी आम्हाला सांगत. शिरूरला मात्र रेल्वे आजही नाही. जुनं लष्करी ठाणं, घोडनदी या नावाने ओळखली जाणारी मोठी बाजारपेठ, पण सगळी मदार पुणे-नगर रस्त्यावर. तिथे बर्फ यायचा तो मालमोटारीतून, रस्त्यात वितळत. म्हणून लग्न होऊन मी शिरूर तालुक्यात गेले तेव्हा गावात बर्फ ही आजारपणाची किंवा लग्नकार्याची वस्तू होती. माहेरी ती गाड्यावरच्या सोड्याची आणि गोळ्याची होती.

लादीचा कारखाना आतून पाहिला तर थंडी साठवणं म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. अमोनियाचा कॉम्प्रेसर एका बाजूला धडधडत असतो. मोठ्या टाकीत मिठाचं पाणी शून्याच्या कितीतरी खाली गार केलेलं असतं, मीठ असल्यामुळे ते गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे पत्र्याचे उंच डबे बुडवून ठेवतात. लादी घट्ट व्हायला एक दिवस-रात्र सहज जाते. मधे लाईट गेली तर मिठाचं पाणी काही तास थंडी धरून ठेवतं, कारण टाकी प्रचंड असते आणि लाकडी फळ्यांनी झाकलेली असते. कारखान्यातले कामगार लाईट गेली की आधी फळ्या नीट बसल्यात का ते बघत. कॉम्प्रेसर आपण चालू करू शकत नाही, पण फळी तरी सरकवू शकतो, हे त्यांना नेमकं माहीत होतं.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 साली स्थापन झालं. त्याच सुमारास, 1958 मध्ये, गोदरेजने देशी फ्रीज बाजारात आणला होता. पण आमच्या गावांत वीज आली ती विहिरीवरच्या मोटारीसाठी. घरात एक-दोन दिवे लागले, तो तिचा जोडधंदा. साहजिकही होतं, दुष्काळी मुलखात पाणी आधी. त्याचा परिणाम मात्र पुढे फार वर्षं भोगावा लागला. तारा, डीपी, वेळापत्रक, सगळं मोटारीच्या हिशोबाने ठरलं. थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने. एकाच वेळी सगळ्या मोटारी सुरू झाल्या की दाब एवढा पडे की घरातला फ्रीज नुसता गुणगुणत राही, आत थंड काही होत नसे आणि कॉम्प्रेसर जळे. स्टॅबिलायझरशिवाय फ्रीज घेऊ नये, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत होतं.

आता लसीकडे येते, कारण मला खरी शिकवण तिथे मिळाली.

1985 साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी नोकरीत नवीन होते. आरोग्य केंद्रात हळूहळू एक वेगळीच पेटी आली. आडवी, वरून उघडणारी, भिंतींच्या आत बर्फाचा थर असणारी. तिला आम्ही आय.एल.आर. म्हणायचो. दिवसाच्या चोवीस तासांत आठ तास लाईट मिळाली तरी ती आतलं तापमान 2 ते 8 अंशांत राखू शके. तिच्या रचनेत दोन गोष्टी होत्या. थंड हवा जड असते, ती खाली बसते. म्हणून वरून झाकण उघडलं तर ती सांडत नाही. घरचा उभा फ्रीज उघडला की ती सगळी पायांवर ओतली जाते. दुसरं, लाईट असताना पेटी भिंतीतलं पाणी गोठवून घेते आणि लाईट गेली की तो बर्फ वितळत वितळत आतली उष्णता पीत राहतो. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढ्यात सुमारे अडीच लिटर धारोष्ण दूध 4 अंशांपर्यंत उतरू शकतं. हा हिशोब मी नंतर घरी कितीतरी जणींना सांगितला.

पेटीत काय कुठे ठेवायचं याचेही नियम होते. पोलिओ, गोवर, बीसीजी तळाशी चालत. त्रिगुणी आणि धनुर्वाताची लस तळाशी ठेवायची नाही, कारण ती गोठली तर वाया गेली. तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा. गावात लस न्यायच्या पेटीत चार आइस पॅक लावताना ते फ्रीजरमधून काढल्या काढल्या लावायचे नाहीत. बाहेर ठेवायचे, हलवून बघायचं, आत पाणी खुळखुळलं की मग लावायचे. नव्या मुली घाई करत, त्यांना मी पॅक कानाशी धरायला लावायची.

पल्स पोलिओची मोहीम 1995 मध्ये सुरू झाली. पुढे बाटलीवर एक छोटं चिन्ह येऊ लागलं, वर्तुळात फिका चौकोन. बाटलीला जितकी उष्णता लागेल तितका चौकोन गडद होत जाई. चौकोन वर्तुळाइतका काळा झाला की लस टाकून द्यायची, वाद नाही. एका उन्हाळ्यात आमच्या भागातला डीपी जळाला आणि नवा यायला दिवस गेले. शिपाई आणि मी लाद्या आणून, पेट्या गोणपाटाने झाकून लस राखली आणि शेवटी सगळी लस शेजारच्या केंद्रात हलवली. चौकोन फिके राहिले. त्या रात्री घरी आले तर सासूबाईंनी फ्रीजमधलं दूध ओतून दिलं होतं. माझ्या मनात आलं, दुधाच्या भांड्यावर असा चौकोन नसतो. तिथे आपणच राखायचं आणि आपणच ओळखायचं.

भारनियमनाचा कडक काळ म्हणजे 2005 ते 2012. दाभोळचा वीजप्रकल्प 2001 मध्ये बंद पडलेला, मागणी वाढत गेलेली, नवी निर्मिती तितकी झालेली नव्हती. तूट चार-पाच हजार मेगावॅटपर्यंत गेली. 2005 च्या जूनमध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी कंपनी झाली, आणि गावकऱ्यांच्या तोंडी तिचं नाव आलं ते लोडशेडिंगच्या वेळापत्रकासकट. 2006 मध्ये पुणे शहराने स्वतःसाठी तोड काढली. उद्योगांनी आपली जनित्रं चालवायची, त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी उचलायचा आणि शहरातलं भारनियमन टाळायचं. ती कल्पना चांगलीच होती. पण पुण्याला सकाळी जे दूध प्यायलं जातं, त्यातलं कितीतरी शिरूर-दौंडच्या गोठ्यांतून जातं. ते दूध रात्रभर ज्या गावात थांबायचं, तिथे बारा-बारा तास अंधार होता. हा अन्याय होता आणि त्याबद्दल तेव्हा पुरेसं बोललं गेलं नाही, असं माझं आजही मत आहे.

या काळात गावांत सिंगल फेजची सोय झाली, गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे करण्याचं काम सुरू झालं. घरातले दिवे, पंखे, फ्रीज सिंगल फेजवर चालू लागले. बायकांनी सुटकेचा श्वास घेतला. पण दूध संस्थेचं मोठं शीतकरण यंत्र थ्री फेजवर चाले. म्हणजे संस्थेत दिवा लागलेला, काटा चालू, फॅटचं मशीन चालू, आणि कॉम्प्रेसर मात्र गप्प! आमच्या गावच्या संस्थेने यावर जे केलं ते मी जवळून पाहिलं, कारण मालक तिथे संचालक होते. संस्थेकडे आइस बँक होती. टाकीतल्या नळ्यांभोवती थ्री फेज असेल तेव्हा बर्फ जमवायचा आणि दूध येईल तेव्हा त्या बर्फाचं गार पाणी फिरवून दूध थंड करायचं. लाईटची वेळ आणि दुधाची वेळ जुळण्याची गरज त्यामुळे उरली नाही. आरोग्य केंद्रातल्या माझ्या पेटीचीच ती मोठी बहीण. रात्री दोन वाजता थ्री फेज आली तर सचिव सायकलवर येऊन बर्फ लावून जात. डिझेलचं जनित्रही होतं, पण ते रोज चालवलं तर दुधाच्या दरातून डिझेलच खाऊन जाई.

ज्या वाड्यावस्त्यांवर संस्था नव्हती तिथले लोक सांजेच्या दुधाचे कॅन सिमेंटच्या हौदात गळ्याइतक्या पाण्यात उभे करत. विहिरीचं पाणी काही फ्रीजइतकं गार नसतं, पण हवेपेक्षा पाणी उष्णता फार लवकर ओढून घेतं, त्यामुळे काही तास तरी मिळत. वर ओलं गोणपाट. मधूनमधून दूध ढवळायचं. आणि एक नियम सगळे कसोशीने पाळत: रात्रीचं दूध सकाळच्या दुधात मिसळायचं नाही, नाहीतर दोन्ही जातात. काही ठिकाणी आंबट झालेलं दूध सोडा घालून खपवण्याचे प्रकार झाले. ते गुन्ह्याचे होते, आणि लाईट नव्हती हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

दौंडच्या बाजूला आणखी एक धंदा बर्फावर उभा आहे. 1980 मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागे दौंड, इंदापूरकडे पसरलं. शेती गेली, गावं उठली, आणि काही वर्षांत त्याच पाण्यावर मासेमारी उभी राहिली. भिगवणच्या बाजारात पहाटे चिलापी, रोहू, कटला यांचे ढीग लागतात. तिथून माल दूरवर जातो तो थर्माकोलच्या पेटीत, एक थर बर्फाचा चुरा, एक थर मासळी, पुन्हा बर्फ. उन्हाळ्यात जितकी मासळी तितका बर्फ, हा त्यांचा ठोक हिशोब. पेटीला खाली भोक असतं, वितळलेलं पाणी साचू देत नाहीत. त्या कोळी बायकांना लाईटच्या वेळापत्रकाशी देणंघेणं नसे, त्या फक्त लादीचा भाव विचारत. ठिकऱ्या न करता बारीक चुरा करणं, पेटी सावलीत ठेवणं, पुन्हा पुन्हा न उघडणं, हे त्यांच्या हातात इतकं भिनलेलं आहे की त्यांच्याकडून प्रशिक्षण घ्यायला हवं असं मला प्रत्येक वेळी वाटे.

घरच्या फ्रीजबद्दल मात्र असं कुणी काही शिकवलं नाही. दुकानदाराने हप्ते सांगितले, वापरायचं सांगितलं नाही. लाईट गेली की बाई दर अर्ध्या तासाने दार उघडून दूध ठीक आहे का ते पाही, आणि पाहण्यातच ते बिघडे. लग्नसराईत तर भीतीच वाटायची. लोडशेडिंग आणि लग्नं, दोन्ही मे महिन्यात. बासुंदी रात्री करून ठेवायची, फ्रीज बंद, सकाळी पुन्हा उकळून पंगतीला वाढायची. मग दुपारी उलट्या-जुलाबाचे रुग्ण खाटांवर, सलाईनच्या बाटल्या पुरत नाहीत. उकळलं की झालं, ही समजूत आमच्याकडे फार पक्की आहे आणि ती अर्धीच खरी आहे. उकळल्याने जंतू मरतात. पण स्टॅफिलोकॉकससारखा जंतू वाढताना जे विष सोडतो, ते उकळूनही जात नाही. वास चांगला, चव चांगली, आणि तरी अन्न बाधतं. मी त्या आजाऱ्यांच्या घरच्यांना विचारायची, रात्री लाईट किती वेळ नव्हती? उत्तर बहुतेकदा तेच असे.

आता परिस्थिती खूप सुधारली आहे. गावठाणात बहुतेक वेळ लाईट असते. पण 2022 च्या एप्रिलमध्ये कोळसा कमी पडला तेव्हा भारनियमन परत आलं होतं. वळवाच्या पावसात खांब पडतात, डीपी अजूनही जळतात. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी शिरूर तालुक्यात आता बिबट्याच्या भीतीने आणखी जोर धरते आहे आणि ती रास्त आहे. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाचा जीव आधी. सौर कृषी वाहिनीतून दिवसाची वीज वाढेल तेव्हा दूध संस्थांनीही ती मागून घ्यावी. सूर्य असताना आइस बँकेत बर्फ जमवला तर रात्रीचं दूध त्यावर निघेल. ज्या संस्थांनी नवी यंत्रं घेताना जुन्या आइस बँका भंगारात काढल्या, त्यांनी याचा फेरविचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घरातल्यांना सांगणं एवढंच. न उघडलेला फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी धरा. ठासून भरलेला फ्रीजर दोन दिवसांपर्यंत, अर्धा भरलेला एक दिवस, तेही दार बंद असेल तर. म्हणून फ्रीजरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून टाका, वर थोडी जागा सोडून, नाहीतर गोठताना बाटली फुटते. एका वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवा. गावाहून परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मागे लाईट बराच वेळ गेली होती आणि बर्फ वितळून पुन्हा गोठला असं समजा, आतलं मटण-मासळी टाकून द्या. लाईट गेली तर तासाभरात दूध बाहेर काढून तापवायला ठेवा आणि गरमच राहू द्या, नाहीतर विरजण लावा. उरलेली भाजी, भात, पनीर चार तासांनंतर वास घेऊन ठरवू नका, फेकून द्या. आणि हे सगळं मार्च लागायच्या आत करून ठेवा.